पीळ परत पडेल का? बाबांच्या सीटी स्कॅनची फाइल

१४ मार्च २०२५, धुळवड. नागपुरात त्या दिवशी दुपारपर्यंत ऑटो मिळायची मारामार, आणि बाबांचं पोट सकाळपासून फुगत चाललेलं. बाबा ७२ वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे काटोलकडचे. बद्धकोष्ठ त्यांना तरुणपणापासून. त्यामुळे आधी सोडा, मग ओवा, मग गरम पाणी असे त्यांचे नेहमीचे उपाय सुरू होते. "काहून घाबरून राहिली तू? गॅस झाला, उतरून जाईन," एवढंच म्हणायचे. दुपारी तीनच्या सुमारास पोट इतकं ताणलं की सदऱ्याची बटणं लागेनात. शौचाला नाही, वारा सरत नाही, कळ येते आणि जाते. डिसेंबरमध्येच त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती, म्हणून मला पहिली भीती हृदयाची वाटली. शेजारच्या पोराने रंगलेल्या कपड्यांतच गाडी काढली आणि आम्ही मनीषनगरहून धंतोली गाठली.

कॅज्युअल्टीत आधी ईसीजी झाला. तो ठीक निघाला. मग पोटाचा उभ्याने एक्स-रे. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि फोन लावला. मला फिल्ममध्ये एवढंच दिसत होतं की ओटीपोटातून निघालेला हवेचा एक प्रचंड फुगवटा थेट छातीच्या पडद्यापर्यंत पोचलाय आणि मधून एक जाड रेघ गेलीय. याला रेडिओलॉजीत ‘कॉफी बीन साइन’, म्हणजे कॉफीच्या बीसारखी खूण, म्हणतात हे नंतर कळलं. मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा भाग, सिग्मॉइड, स्वतःच्याच बुडाभोवती फिरून अडकला की ही आकृती दिसते.

सीटी स्कॅनला तासभर लागला, कारण शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध, द्यायच्या आधी क्रिअॅटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का ते सांगणारा, रिपोर्ट हवा होता. बाबांना मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू नाही ना, पूर्वी कॉन्ट्रास्टची अॅलर्जी झाली नव्हती ना, असे प्रश्न विचारून संमतिपत्रावर सही घेतली. डिसेंबरची अँजिओग्राफी कॉन्ट्रास्टनेच झाली होती आणि काही त्रास झाला नव्हता, ते मी सांगितलं. स्कॅनचे ७,८०० रुपये. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा ताजा क्रिअॅटिनिन रिपोर्ट मोबाइलमध्ये ठेवत जा. तो काही दिवसांपूर्वीचा असेल तर काही ठिकाणी चालतो आणि वेळ वाचतो.

रिपोर्टमध्ये सिग्मॉइड व्हॉल्व्ह्युलस, म्हणजे पीळ, पक्का झाला. आतड्याच्या रक्तवाहिन्या आणि चरबी गोल गोल फिरलेली दिसत होती. चांगली बातमी अशी की आतड्याच्या भिंतीत कॉन्ट्रास्ट नीट पोचत होता, भिंतीत हवा शिरलेली नव्हती आणि पोटात मोकळी हवा नव्हती. भिंतीला रक्त मिळत नसतं किंवा आतडं फुटलं असतं तर दुर्बीण घालण्याचा प्रश्नच नव्हता, थेट पोट उघडावं लागलं असतं.

रात्री आठच्या आसपास दुर्बिणीने पीळ सोडवला. गुदद्वारातून लवचीक सिग्मॉइडोस्कोप पिळाच्या जागेतून अलगद पुढे नेतात, आणि आतली कोंडलेली हवा आणि पातळ मळ एकदम बाहेर येतो. मी दाराबाहेर होते, तरी आवाज आला. सिस्टर हसत बाहेर आल्या तेव्हाच जीव भांड्यात पडला. आतला पडदा गुलाबी होता, काळा पडलेला नव्हता. एक रबरी नळी आत ठेवून ती मांडीला चिकटवून टाकली, म्हणजे लगेच पुन्हा पीळ पडू नये. सर्जन म्हणाले, पोट न उघडता आतून पीळ सोडवण्याची ही रीत नॉर्वेच्या ब्रुसगार्ड या सर्जनने १९४७ साली मांडली. तेव्हा दुर्बीण ताठ, धातूची असायची.

मला वाटलं, संपलं. खरं काम तिथून सुरू झालं.

१६ मार्चला सर्जननी आई, मी आणि व्हिडिओ कॉलवर पुण्याचा भाऊ अशा तिघांना बसवलं. म्हणाले, "पीळ सोडवला, आतडं तेच आहे. नुसतं सोडवून घरी पाठवलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना पुन्हा पीळ पडतो. काही अभ्यासांत त्याहूनही जास्त. म्हणून आम्ही शक्यतो याच मुक्कामात सिग्मॉइड काढून टाका म्हणतो." पुढच्या वेळी पीळ पडला आणि यायला उशीर झाला, आतडं काळं पडलं, तर तातडीच्या ऑपरेशनचा धोका ठरवून केलेल्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि मळ बाहेर काढायला पोटावर पिशवी येण्याची शक्यताही वाढते.

आमची अडचण स्टेंटची. ९ डिसेंबर २०२४ ला औषधी लेप असलेला स्टेंट बसलेला, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या सुरू. कार्डिओलॉजिस्टनी सांगितलं, बाबांना हार्ट अटॅक आलेला नव्हता, छातीत दुखायचं म्हणून स्टेंट घातलाय. अशा वेळी ठरवून करायचं ऑपरेशन सहा महिने पुढे ढकललेलं बरं. तीन महिन्यांनंतर करता येतं, पण थांबण्याचा धोका ऑपरेशनच्या धोक्यापेक्षा मोठा असेल तरच. दोन्ही गोळ्या लवकर थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, चालू ठेवून ऑपरेशन केलं तर रक्तस्राव.

आमचे तीन महिने नुकतेच पूर्ण झाले होते. म्हणजे सगळं एका प्रश्नावर येऊन थांबलं: जूनपर्यंत थांबलो तर पीळ पुन्हा पडायची शक्यता किती? आणि ते स्कॅनमधून कळतं का?

सर्जननी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढलं. पाळण्याचे दोन्ही दोर लांब लांब कड्यांना बांधले तर पाळणा पुढे-मागे हलतो, गोल फिरत नाही. दोन्ही दोर एकाच कडीला अडकवले की एका धक्क्यात त्याला वेढा बसतो. सिग्मॉइडचं तसंच आहे. ते मेसेंटरी नावाच्या पडद्याने पाठीमागच्या भिंतीला टांगलेलं असतं. आतड्याचा हा वेटोळा लांब असेल आणि त्याची दोन टोकं बुडाशी जवळजवळ आलेली असतील तर तो फिरायला मोकळा. "स्कॅन तुम्हाला तारीख सांगणार नाही ताई," ते म्हणाले, "पण दोर किती जवळ आहेत ते सांगेल."

१८ मार्चला सुटी मिळाली. बिल ७१ हजारांच्या आसपास, सगळं खिशातून. डिस्चार्ज कार्डावर ‘पुन्हा पोट फुगल्यास त्वरित यावे’ एवढंच होतं. मी तिथेच थांबून त्यात पीळ कसा सोडवला, आतला रंग कसा होता, नळी किती वेळ ठेवली हे लिहून घेतलं. रात्री बेरात्री दुसऱ्या रुग्णालयात जावं लागलं तर हेच कागद बोलतात.

आता सीटीचा रिपोर्ट घरी नीट वाचला. ‘सिग्मॉइड खूप फुगलेलं’ असं होतं, पण किती सेंटिमीटर ते नव्हतं. वेटोळ्याची टोकं, उरलेलं मोठं आतडं, याबद्दल एक ओळ. यात रिपोर्ट लिहिणाऱ्यांची चूक नाही. रात्री त्यांना विचारलेला प्रश्न ‘पीळ आहे का, आतडं जिवंत आहे का’ एवढाच होता आणि त्याचं उत्तर त्यांनी अचूक दिलं होतं. आमचा प्रश्न वेगळा होता, त्यासाठी तीच चित्रं पुन्हा वाचून घ्यायला हवी होती.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगते. सीटीच्या मोठ्या फिल्मवर निवडक चित्रं छापलेली असतात. मोजमाप करायचं तर मूळ डायकॉम फाइल्स लागतात, शेकडो चित्रं. त्या सीडीवर मिळतात. आमच्या घरातल्या एकाही लॅपटॉपला सीडी घालायची जागा नाही, आणि स्कॅन सेंटर व्हायरसच्या भीतीने पेन ड्राइव्ह घेत नव्हतं. शेवटी सीताबर्डीतल्या एका कॉम्प्युटरवाल्याने १०० रुपयांत सीडीवरचं सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं. व्हॉट्सअॅपवर फिल्मचे फोटो पाठवून मत मागू नका. मोबाइलच्या फोटोवर कुणी सेंटिमीटर मोजत नाही.

रामदासपेठेत पोटाच्याच स्कॅनचं काम करणाऱ्या एका रेडिओलॉजिस्ट मॅडमची वेळ मिळाली. फी १,५००. मी मनीषनगरवरून मेट्रोने जायचे, काँग्रेसनगरला उतरून पुढे चालत. त्या भागात गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा चालणं परवडतं. मॅडमनी पेन ड्राइव्ह लावली आणि मला शेजारी खुर्ची दिली. एवढं कुणी करत नाही, म्हणून लिहिते.

त्या काय बघत होत्या ते मला कळलं तसं सांगते. पहिलं, वेटोळ्याची सर्वांत जास्त रुंदी. दुसरं, त्याचा माथा किती वर पोचलाय, त्यावरून लांबीचा अंदाज. तिसरं, बुडाशी दोन्ही टोकांमधलं अंतर. या तिसऱ्यावर त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला, चित्रं वर-खाली सरकवत, कारण पीळ पडलेला असताना ती जागा गुंतलेली असते आणि मोजणं फसवं होतं. मग पीळ पडण्यामागे एखादी गाठ आहे का ते. आणि शेवटी, मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते, बाकीचं मोठं आतडं कसं आहे. फक्त सिग्मॉइड फुगलेलं असेल तर तेवढं काढून भागतं. सगळंच मोठं आतडं रुंद आणि ढिलं असेल, ज्याला मेगाकोलन म्हणतात, तर नुसतं सिग्मॉइड काढल्यावरही उरलेल्या आतड्याला पुन्हा पीळ पडू शकतो, आणि सर्जनला जास्त आतडं काढायचा विचार करावा लागतो. म्हणजे हेच स्कॅन ऑपरेशनच्या आधीचाही अंदाज देतं आणि नंतरचाही.

"जुना एक्स-रे आहे का काकांचा? पोट शांत असतानाचा?" मॅडमनी विचारलं.

होता, पण आमच्याकडे नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये बाबा बद्धकोष्ठासाठी दुसऱ्या एका रुग्णालयात भरती होते, तेव्हा काढलेला. तिथल्या मेडिकल रेकॉर्ड विभागात गेले तर खिडकीवर उत्तर मिळालं, जुनं सिस्टीममधून निघत नाही. दुसऱ्यांदा जाताना लेखी अर्ज नेला. अर्जात रुग्णाचं नाव, भरती क्रमांक, तारखा, बाबांच्या सहीचं अधिकारपत्र, दोघांच्या आधारची झेरॉक्स. आणि एक वाक्य: भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे भरती रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपायची असतात आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. आवाज न चढवता अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. दोन दिवसांनी फोन आला, एक्स-रे निघालाय, ३०० रुपये भरून घेऊन जा. अर्जाची पोच घेणं विसरू नका, तिच्याशिवाय ७२ तास कधी सुरू झाले हे कुणालाच माहीत नसतं.

त्या जुन्या एक्स-रेत तोच वेटोळा होता. पिळाशिवाय, पण रुंद. ९ एप्रिलला बाबांचं पोट अगदी मऊ असताना मॅडमनी आणखी एक साधा एक्स-रे काढून घेतला. शांत असतानाही सिग्मॉइड कटीच्या, म्हणजे ओटीपोटाभोवतीच्या हाडांच्या, वरच्या कडेशी साडेसात सेंटिमीटर भरलं. तिथे साडेसहाच्या वर गेलं की ते कायमचं मोठं झालेलं धरतात. पिळाच्या रात्री ते साडेदहावर गेलं होतं. उरलेलं मोठं आतडं मात्र नेहमीच्या मापाचं. मॅडमनी हे सगळं जुन्या रिपोर्टला जोडून एका पानावर लिहून दिलं आणि शेवटी लिहिलं: लांब व रुंद सिग्मॉइड, बुडाशी टोकं जवळ, पुन्हा पीळ पडण्यास अनुकूल रचना.

‘अनुकूल’ वाचून भाऊ वैतागला. त्याला टक्का हवा होता. त्याने रिपोर्ट कुठल्याशा एआय अॅपमध्ये टाकला आणि त्या अॅपने दशांश चिन्हासकट टक्केवारी दिली. ती घेऊन तो सर्जनशी बोलला. सर्जन शांतपणे म्हणाले, असे आकडे ज्या रुग्णांवरून काढतात त्यांतले बरेच बाबांपेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठे, अंथरुणाला खिळलेले, काही पार्किन्सन्सच्या किंवा मानसिक आजारांच्या औषधांवर असलेले. काहींचा मागोवा वर्षभराचा, काहींचा पाच वर्षांचा. रुंद वेटोळा असलेल्यांना जास्त वेळा पुन्हा होतं हे अभ्यासांत दिसतं, पण किती सेंटिमीटरच्या पुढे धोका धरायचा यावर एकमत नाही. भावाला हे पटलं नाही. मला पटलं. दशांशापर्यंत गेलेल्या आकड्याने रात्रीची झोप तेवढी जाते, बाकी त्याचा उपयोग होत नाही.

आणखी एक सल्ला आला होता, आतड्यात हवा भरून सीटी कोलोनोग्राफी करायचा. सर्जन आणि मॅडम दोघांनीही नको म्हटलं. नुकता पीळ पडून गेलेल्या आतड्यात हवा भरायची, पुन्हा किरणं घ्यायची, आणि ठरवायचं तेच जे आधीच दिसतंय. गाठ नाही ना हे बघायला त्यांनी साध्या कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासायची, तारीख दिली, ती एप्रिलअखेरीस झाली, आत काही निघालं नाही. ९,००० रुपये.

१७ एप्रिलला निर्णय झाला. रचना वाईट आहे, पण पहिल्या वेळी आतडं चांगलं राहिलं होतं, आम्ही रुग्णालयापासून अर्ध्या तासावर राहतो आणि घरात लक्ष ठेवणारी माणसं आहेत. म्हणून स्टेंटचे सहा महिने पूर्ण करायचे, जूनमध्ये ऑपरेशन, तोवर अटी. इसबगोलचा भरपूर मारा बंद. फुगणाऱ्या चोथ्याने असलं लांब आतडं आणखी भरतं असं सर्जनचं म्हणणं. त्याऐवजी मळ मऊ ठेवणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर रोज. पाणी. दोन दिवस शौचाला झालं नाही तर फोन. पोट फुगून वारा बंद झाला तर फोन नाही, थेट कॅज्युअल्टी. शौचातून रक्त, ताप, पोट हात लावू न देण्याइतकं दुखणं, यातलं काहीही झालं तर एक मिनिटही घरी थांबायचं नाही. हे आम्ही फ्रिजवर चिकटवलं. आणि काटोलला मुक्काम नाही. मेमध्ये पुतणीचं लग्न होतं. बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आईमार्फत मीठ मागायचे.

याच काळात आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं संरक्षण देणारी ही योजना २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. जुन्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून लागू होते. मार्चमध्ये आमच्याकडे कार्ड नव्हतं म्हणून ७१ हजार गेले. कार्ड अॅपवरून घरबसल्या निघतं म्हणतात. निघतं, आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला असेल तर. बाबांच्या आधारला त्यांचा जुना, बंद पडलेला नंबर होता, त्यामुळे ओटीपी नाही. अंगठा लावला तर वर्षानुवर्षं स्टिअरिंग धरून रेषा झिजलेल्या, मशीन घेईना. आधी आधार केंद्रावर नंबर बदलला, ५० रुपये, मग काही दिवस थांबलो, मग कार्ड झालं. घरात सत्तरीचं कुणी असेल तर हा लेख वाचून झाल्यावर आधी आधारचा नंबर तपासा. रुग्णालय योजनेत आहे का हेही आधी विचारा, आणि तिथल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, खिडकीवर जाऊन विचारा. रिसेप्शनवर अर्धवट माहिती मिळते.

२७ मे. नवतपा सुरू, घरात कूलरसुद्धा गरम हवा फेकत होता. रात्री अकराला बाबा म्हणाले, "पोट गच्च होऊन राहिलं." या वेळी त्यांनी सोडा मागितला नाही. दीड तासात आम्ही कॅज्युअल्टीत होतो. एक्स-रे काढला. ड्युटीवरचे तरुण डॉक्टर म्हणाले, पुन्हा पीळ आहे, सर्जनना बोलावतो. मी फाइलमधून ९ एप्रिलचा एक्स-रे काढून त्यांच्या हातात दिला. दोन्ही शेजारी लावल्यावर ते थांबले. वेटोळा जवळपास तेवढाच रुंद होता, माथा तिथेच. जे त्यांना आजचं वाटत होतं ते बाबांचं रोजचं होतं. सर्जननी तरीही खात्रीसाठी कॉन्ट्रास्टशिवाय सीटी करायला सांगितला. रक्तवाहिन्या कुठेही फिरलेल्या नव्हत्या. आतड्यात मळ खडा होऊन बसला होता, उन्हाने अंगातलं पाणी गेल्याचा परिणाम. एनिमा, सलाइन, सकाळी मोकळे. ९,४०० रुपये.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी बरं असतानाचा एक साधा एक्स-रे जवळ ठेवावा असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. डॉक्टरांना विचारूनच; पण विचारा. आमच्या संबंध फाइलमध्ये सर्वांत स्वस्त कागद तोच होता.

जूनच्या सुरुवातीला योजनेत पूर्वमंजुरीसाठी कागद गेले: सीटीचा रिपोर्ट आणि फिल्म, दुर्बिणीचा रिपोर्ट, कार्डिओलॉजिस्टचं पत्र, सर्जनची चिठ्ठी. एक ‘क्वेरी’ परत आली, रुग्ण आता बरा असताना ऑपरेशन कशासाठी? रास्त प्रश्न. मॅडमचं ते एक पान, मापांसकट, सर्जनच्या टिपणासोबत वर चढवलं आणि मंजुरी आली. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल ऑपरेशनच्या पाच दिवस आधी थांबवली, अॅस्पिरिन चालू ठेवली. हे कार्डिओलॉजिस्टनी लेखी दिलं, तोंडी नाही. तोंडी सूचनांवर गोळ्या थांबवू नका.

१७ जूनला ऑपरेशन झालं. सकाळी पिशवीसाठीच्या संमतिपत्रावरही सही करावी लागली, गरज पडली तर म्हणून. आईचा हात थरथरत होता, शेवटी मी केली. अडीच तासांनी सर्जन बाहेर आले. आतडं दोन्हीकडून जोडलं होतं, पिशवी नाही. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. मेसेंटरीवर पांढरे, आकसलेले पट्टे होते. "हे एका पिळाचं काम नाही. कितीतरी वेळा अर्धवट पीळ पडला असेल आणि आपोआप सुटला असेल. प्रत्येक वेळी हे पट्टे आकसतात आणि दोन्ही टोकं आणखी जवळ ओढतात." म्हणजे प्रत्येक जुना पीळ पुढच्याची सोय करून ठेवत होता. बाबा ज्याला वर्षानुवर्षं ‘गॅस’ म्हणायचे त्यातले काही दिवस हेच असणार. हे पट्टे स्कॅनमध्ये दिसले नव्हते का, मी विचारलं. टोकं जवळ आहेत हे दिसलं होतं, ती का जवळ आली ते पोट उघडल्यावर कळलं.

एक रात्र आयसीयूत. चौथ्या दिवशी वारा सरला आणि वॉर्डातल्या सगळ्यांना ही बातमी आईने स्वतः सांगितली. २५ जूनला घरी. पॅकेजबाहेर बाहेरून आणलेली काही औषधं आणि आमचं खाणंपिणं मिळून सहा-साडेसहा हजार. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणला, कर्करोग नाही.

भावाने आता दरवर्षी सीटी करायचा का विचारलं. मॅडम नाही म्हणाल्या. उरलेलं आतडं नेहमीच्या मापाचं आहे, त्यामुळे पुन्हा पीळ पडायची शक्यता कमी. पोट फुगलं, वारा बंद झाला तरच यायचं, आणि येताना जुनी फाइल आणायची. स्टेंटची तपासणी डिसेंबरमध्ये आहे. पावडर चालू आहे, अर्ध्या मापाने. बाबा जुलैत काटोलला जाऊन आले, पुतणीच्या घरी जेवले, आणि परतताना बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसून त्याला वाटभर सूचना देत आले.